५ जानेवारीची फ्लॉपी

नव्वदीच्या दशकात औरंगाबादेत जे संगणक शिकले, त्यांतल्या अनेकांना ५ जानेवारी ही तारीख आठवत असेल. त्या दिवशी लागण झालेलं मशीन सुरू केलं की पडद्यावर हुकूम यायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा. टाइप केलं नाही तर मशीन अडून बसायचं, केलं की मुकाट कामाला लागायचं. १९९० मध्ये भारतात सापडलेला हा जोशी व्हायरस. हे जोशी कोण, यावर आमच्या क्लासमध्ये तास तास चर्चा रंगायची.

क्लास औरंगपुऱ्यात, एका माडीवर. चपला जिन्यात काढायच्या, कारण धुळीने मशीन बिघडतं असं सर सांगायचे. त्यांच्या कपाटात एक पाच इंची फ्लॉपी असायची. तिच्या कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवलेली, म्हणजे तिच्यावर काही लिहिता येऊ नये. मशीनला काही झालं की सर आधी विजेचं बटण बंद करायचे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून भागायचं नाही, कारण जोशी तेवढ्याने मेमरीतून जात नसे. मग ती स्वच्छ फ्लॉपी घालून मशीन नव्याने उठवायचे. ती पट्टी डोळ्यांना दिसायची. मशीन कशाच्या भरवशावर सुरू होतंय, हे क्लासमधल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळायचं. त्या काळातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

बाकी त्या मशीनला संशय हा प्रकारच ठाऊक नव्हता. सुरू झालं की बायॉस मेमरी मोजायचा आणि आधी ‘ए’ ड्राइव्हकडे वळायचा. फ्लॉपी असेल तर तिच्यावरचे पहिले ५१२ बाइट वाचायचा आणि सगळा कारभार त्यांच्या हाती द्यायचा. ते कोणी लिहिले, कधी बदलले, काही विचारपूस नाही. एखादी मुलगी नुसत्या प्रॅक्टिकलच्या फायली असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशीन सुरू करायची. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश यायचा, ती फ्लॉपी काढून कोणतंही बटण दाबायची. तो संदेश दिसेपर्यंत व्हायरस हार्ड डिस्कवर जाऊन बसलेला असायचा. लाहोरच्या दोन भावांचा १९८६ चा ब्रेन, ६ मार्चला डिस्क पुसणारा मायकेलँजेलो, सगळे फ्लॉपीच्या या पहिल्या ५१२ बाइटांतूनच आले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांचं क्विक हील हे अँटिव्हायरसही याच दिवसांतलं.

कुलपं नव्हती असं नाही. कॅबिनेटला पुढे एक गोल किल्ली असायची, ती बहुधा तिथेच लटकत राहायची. बायॉसला पासवर्ड देता यायचा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून पुन्हा बसवला की तोही बहुतेक वेळा पुसला जायचा. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की हिशेब, पत्रं, पगारपत्रकं सगळं उघडं. लोडशेडिंग संपून वीज आली की मशीन आपसूक ‘सी’ प्रॉम्प्टपर्यंत येऊन उभं राहायचं, समोर कोणीही बसलेलं असो.

आज वाळूजच्या एखाद्या छोट्या कारखान्यातला सर्व्हरही रात्री तीनला वीज आल्यावर आपसूकच उठतो. डिस्क मात्र सांकेतिक केलेली असते. ती काढून नेणाऱ्याच्या हाती निव्वळ कचरा लागतो. आणि पासवर्ड टाइप करायला रात्री तीनला तिथे माणूस नाही. ही अडचण टीपीएम नावाची चिप सोडवते. सिक्युअर बूट सह्या तपासतं: फर्मवेअर बूटलोडरची, बूटलोडर कर्नलची. शिवाय प्रत्येक पायरीवर पुढच्या प्रोग्रामचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, चिपमध्ये नोंदवला जातो. जुनी नोंद खोडता येत नाही, नवी तिच्यात मिसळत जाते. डिस्कची किल्ली या नोंदींवर मोहोरबंद असते. नोंदी जुळल्या तरच चिप ती देते. विंडोज ११ ने २०२१ मध्ये टीपीएम २.० सक्तीचंच केलं. जोशी व्हायरस या दारातून आत शिरला नसता.

तरीही मला काळजी वाटते, आणि ती सांगायला आमच्या देवगिरीइतकं जवळचं उदाहरण नाही. तट, खंदक, अंधारी, दरवाज्यांमागून दरवाजे. आणि १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडल्यावर किल्ल्यात नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. दरवाजे सगळे शाबूत होते, पोतं कोणी उघडून पाहिलं नव्हतं. लिनक्सच्या आपोआप उघडणाऱ्या डिस्कमध्ये नेमकी हीच फट राहू शकते. कर्नल अस्सल, सह्या अस्सल, नोंदीही जुळलेल्या. पण चोराने खऱ्या डिस्कच्या जागी त्याच ओळखक्रमांकाची स्वतःची सांकेतिक डिस्क ठेवली तर? चिपकडून तिची किल्ली मिळत नाही, म्हणून मशीन पासवर्ड विचारतं. चोराला तो माहीतच असतो. आता अस्सल कर्नलवर त्याचा प्रोग्राम चालू लागतो, आणि नोंदी न बदलल्यामुळे चिप त्याला खऱ्या डिस्कची किल्लीही देऊन टाकते. उपाय आहे: उघडलेली डिस्क आपलीच आहे ना, हे तिच्या किल्लीवरून नोंदवून पडताळायचं आणि नसेल तर तिथेच थांबायचं. पण हे मुद्दाम करावं लागतं, आणि सर्व्हर बसवून देणारे सगळेच ते करत नाहीत.

बंद खोलीतल्या सर्व्हरला आपोआप उघडणं ठीक. पुण्याच्या बसमध्ये मांडीवर असलेल्या लॅपटॉपला मात्र चिपसोबत पिन हवाच, असं माझं ठाम मत आहे. तो टाकायला चार सेकंद लागतात.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे उलटली आहे. पूर्वी मदरबोर्ड जळाला तरी दुरुस्तीवाला डिस्क दुसऱ्या मशीनला लावून लग्नाचे फोटो वाचवून द्यायचा. २०२४ च्या विंडोज ११ पासून नव्या बहुतेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की एन्क्रिप्शन न विचारता सुरू होतं. मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच खात्यात जमा असते. ते खातं बहुतेकदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत उघडून दिलेलं असतं आणि त्याचा ईमेलही घरात कोणाला आठवत नाही. दुरुस्तीला लॅपटॉप आला की मी आता स्क्रू ड्रायव्हर नंतर काढतो. आधी त्या खात्यात शिरून ४८ आकडे कागदावर उतरवायला लावतो आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू देत नाही.