गाडी घेण्याआधीचा हिशेब

संपादकांनी फोनवर विषय एका वाक्यात सांगितला: "आठ-दहा लाखांत भरवशाची नवी गाडी कोणती घ्यावी, ते लिहा. सोलापुरात हल्ली सगळे तेच विचारतात." मी गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही. मी वाहनविम्याचा परवानाधारक सर्व्हेअर आहे. गाडी ठोकली, जळाली, बुडाली की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती आणि त्यातलं पॉलिसीत किती बसतं, हे मी लिहून देतो. शोरूममधली गाडी सगळेच पाहतात. मी तीच गाडी दार कापून काढलेली, इंजिन उघडलेली पाहतो. गाडी पारखायला याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत, अशा गाड्यांवर 28 टक्के आणि वर सेस होता. हा एकूण कर 18 टक्क्यांवर आला. दसरा तोंडावर होता, बुकिंगला गर्दी उसळली. त्याच आठवड्यात सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. त्या पुरातली एक गाडी माझ्या मनातून अजून जात नाही.

गाडी एका प्राथमिक शिक्षकांची. घेऊन जेमतेम वर्ष झालेलं, वरचं मॉडेल, सनरूफवालं. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर घरच्यांनी वरचा गाळ पुसला आणि गाडी चालू होते का ते पाहायला बटण दाबलं. एकदा खट्ट आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. मी गेलो तेव्हा एअर फिल्टरचा पुठ्ठा पिळला की गढूळ पाणी गळत होतं. इंजिन उघडलं तर दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले.

हे का होतं, ते समजून घ्या. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर जाताना त्या पाण्यावर आदळतो आणि मधला रॉड वाकतो. पुराचं नुकसान साध्या पॉलिसीत बसतं: सीट, वायरिंग, गाळ काढणं, सगळं. पण बुडालेलं इंजिन फिरवल्यामुळे आतून झालेली मोडतोड हे मागाहून ओढवलेलं नुकसान धरतात. त्याची भरपाई हवी असेल तर 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कवच घ्यावं लागतं. गुरुजींनी ते घेतलं नव्हतं. गाडी घेताना पैसे कमी पडले म्हणून विम्यातून काढून टाकलं होतं. "साहेब, विमा तर फुल्ल होता ना?" असं ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. फुल्ल विमा नावाची कोणतीही पॉलिसी नसते, हे त्यांना गाडी विकताना कुणी सांगितलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे अहवाल लिहिला. तो बरोबरच होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सनरूफला जेवढे पैसे गेले, त्याच्या लहानशा भागात ते इंजिन वाचलं असतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं. दहा लाखांचं बजेट म्हणजे दहा लाखांची गाडी नव्हे. जाहिरातीतला भाव एक्स-शोरूम असतो. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, नव्या गाडीला तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा, स्वतःच्या नुकसानीचा विमा, पासिंगचा खर्च. साडेआठ लाखांची गाडी दारात येईपर्यंत दहाच्या घरात जाते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. दोन-तीन ठिकाणचे आकडे मागवा आणि त्यात 'झिरो डेप' व 'इंजिन प्रोटेक्ट' आहे ना, हे स्वतः वाचा. झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात.

आता हप्त्याचं गणित. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 13,100 च्या आसपास बसतो; पाच वर्षांसाठी 16,800. सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण व्याज सुमारे 90 हजारांनी जास्त जातं. त्याहून मोठा धोका कुणी सांगत नाही. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते, तिला आयडीव्ही म्हणतात. ती एक्स-शोरूम भावावरून काढतात, रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. ती दर वर्षी उतरते. रूढ कोष्टकाप्रमाणे तीन वर्षं उलटली की 40 टक्के घसारा. म्हणजे साडेआठ लाखांची गाडी पाच लाख दहा हजारांवर येते. त्याच दिवशी सात वर्षांच्या कर्जातलं देणं सुमारे पाच लाख वीस हजार शिल्लक असतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस ठरते. अशा वेळी विम्याचे सगळे पैसे बँकेला जातात, वर पदरचे भरावे लागतात आणि दारात गाडी नसते. ज्यांना पाच वर्षांचा हप्ता झेपत नाही, त्यांना ती गाडी झेपत नाही.

दुसरा मुद्दा पत्र्याचा. यावर मी थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण या एका गैरसमजाने माणसं दगावतात. सोलापूरकर गाडी बघायला गेला की बोनेटवर बोट दाबतो, दार धाडकन लावून आवाज ऐकतो आणि म्हणतो, "पत्रा पातळ आहे." मग जुन्या गाड्यांची आठवण निघते. वालचंद हिराचंद याच सोलापुरात जन्मलेले. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी निघाली, याचा मलाही अभिमान आहे. "पद्मिनी ठोकली तरी बंपरला ओरखडा नव्हता," असं वडीलधारी मंडळी सांगतात. खरं आहे. पण बंपर वाकला नाही, म्हणजे धक्का गेला कुठे? तो आतल्या माणसाच्या छातीवर गेला.

धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ती कुठेतरी जिरवावीच लागते. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळायला बनवलेला असतो. तो जितका नेमका चुरगळतो, तितका थांबायला वेळ मिळतो आणि शरीराला बसणारा झटका कमी होतो. चुरगळायचं नसतं ते मधल्या पिंजऱ्याने: काचेच्या बाजूचा ए पिलर, दोन दारांमधला बी पिलर, दाराखालचा सिल. हे भाग खास पोलादाचे असतात. बऱ्याच गाड्यांत ते भट्टीत तापवून साच्यात दाबूनच थंड करतात. त्याने त्यांची ताकद साध्या पत्र्याच्या कित्येक पट होते. बाहेरचा पत्रा हे नुसतं कातडं असतं, सगळ्याच कंपन्यांचा मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा. बोट दाबून पिंजरा कळत नाही.

तो कळतो क्रॅश टेस्टमध्ये. ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी एका बाजूने अडथळ्यावर आदळवतात. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा ताऱ्यांत मोजणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने अल्टो, आय-टेन, नॅनो, फिगो, पोलो या भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची पहिली चाचणी घेतली. पाचही शून्य ताऱ्यांवर राहिल्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. ती ऐच्छिक आहे. टाटा पंचला 2021 मध्ये आणि नव्या मारुती डिझायरला 2024 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, आणि या दोन्ही गाड्यांची सुरुवातीची मॉडेलं सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. 2023 च्या चाचणीत वॅगन आरला एक आणि अल्टो के-10 ला दोन तारे होते. पुढे 2025 मध्ये त्यांना सहा एअरबॅग आल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण एअरबॅग वाढल्याने पिंजरा आपोआप मजबूत होत नाही. तारे पाहताना गाडीचं नाव, चाचणीचं वर्ष आणि 'स्ट्रक्चर' स्थिर की अस्थिर, हा शेरा पाहा.

एवढं करून घेतलेल्या गाडीला लोक पहिल्याच आठवड्यात पुढे लोखंडी गार्ड बसवतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे. गार्डमुळे धक्का थेट चेसिसवर जातो, चुरगळायचा भाग चुरगळत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. जाड सीट कव्हर सीटमधली बाजूची एअरबॅग कोंडून टाकतं. मागे बसलेले बेल्ट लावत नाहीत. धडकेत मागचा माणूस पूर्ण वेगाने पुढच्याच्या पाठीवर येतो. हे मी पाहिलेलं आहे आणि ते इथे वर्णन करणार नाही.

इंधनाचं थोडक्यात. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने साधी, टर्बो नसलेली, हाताच्या गिअरची पेट्रोल गाडी घ्यावी. त्यात बिघडण्यासारखं सर्वांत कमी असतं. रोज पंढरपूर किंवा बार्शी करणाऱ्याला सीएनजी परवडतो, पण फिटिंग कंपनीचंच हवं, आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यायला हवी. डिझेलचं वेड शेतकरी कुटुंबांतून अजून जात नाही. 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 प्रदूषण निकषांनंतर डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. ती साफ व्हायला लांब, सलग पल्ला लागतो. सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढंच फिरणाऱ्याची ती तुंबते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची धास्ती नव्या गाडीवाल्याने घेऊ नये. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे रबर-पाइप त्यासाठी बनवलेले आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच.

कंपनी निवडताना सोलापुरात तिचं सर्व्हिस सेंटर आहे का आणि दरवाजा किंवा हेडलाइट मिळायला किती दिवस लागतात, हे तिथल्या ग्राहकांना विचारा. नवं मॉडेल बाजारात आल्या आल्या घेऊ नका, वर्षभर थांबा. चाचणीला घरची चार माणसं बसवून, दुपारी दोनच्या उन्हात एसी लावून गाडी चालवा. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 3225 म्हणजे 2025 च्या 32 व्या आठवड्यातला टायर. चेसिसच्या पट्टीवरून गाडी कधीची, हेही विचारा. मुहूर्ताच्या घाईत पाडव्याला हे कुणी पाहत नाही.

माझा निर्णय सांगतो. हातात दहा लाख असतील तर एक्स-शोरूम साडेसात लाखांच्या आतली, चांगले तारे मिळालेली, मधल्या मॉडेलची साधी पेट्रोल गाडी घ्या. उरलेल्या पैशांत विमा पूर्ण करा आणि बाकीचे बँकेत ठेवा. आणि नदीकाठी राहत असाल तर घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा: गाडी पाण्यात गेली तर चावी फिरवायची नाही, बटण दाबायचं नाही, बॅटरीची वायर काढायची, फोटो घ्यायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलूनच न्यायची.