पत्ता नसलेले धनको

सहकारी बँकेच्या संगणक विभागात माझी नोकरी. तिथे कर्ज म्हटलं की दोन जामीनदार, तारण, फोटो आणि पानोपानी सह्या. माझ्या स्वतःच्या डोक्यावर मात्र एक असं देणं आहे, ज्यातल्या एकाही धनकोचा चेहरा मी पाहिलेला नाही. काहींचं तर खरं नावही ठाऊक नाही. हे देणं आहे ‘पीअरट्यूब’ या मुक्त सॉफ्टवेअरचं. यूट्यूबसारखं व्हिडिओंचं ठिकाण स्वतःच्या सर्व्हरवर उभं करता येईल, असं ते सॉफ्टवेअर. मी त्या प्रकल्पाला हातभार लावते म्हणजे त्यांना काही देते, असं नात्यातल्या लोकांना वाटतं. खातं नीट मांडलं तर बाकी माझ्याच अंगावर निघते.

सुरुवात नाटकापासून करायला हवी. सांगलीत दुसरीकडून सुरुवात करता येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून गावातल्या दर दुसऱ्या माणसाला आपण नट आहोत असं वाटत आलंय. आमचीही एक हौशी संस्था आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं, प्रयोगाचं चित्रीकरण करायचं आणि कॅसेट कपाटात टाकायची, ही रीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ते कपाट अर्धं बुडालं. खालच्या कप्प्यातल्या व्हीएचएस गेल्या, वरच्या मिनीडीव्ही वाचल्या. वाचलेल्या कॅसेट संगणकावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘ती बँकेत कॉम्प्युटरवर असते’.

मिनीडीव्हीला घाई चालत नाही. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि फाइल साधारण १३ जीबीची होते. शिवाय त्या कॅमेऱ्यांचं चित्र एकाआड एक ओळींचं असतं. नटाने हात उचलला की संगणकाच्या पडद्यावर हाताच्या कडेला आडव्या रेघा फुटतात. त्या घालवायला एफएफएमपेग हे साधन वापरलं, त्यातली ‘याडिफ’ नावाची गाळणी. ती मायकेल नीडरमायर यांनी लिहिली आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा रेघा गेल्या एवढंच पुरे होतं.

उतरवलेली नाटकं एका मोठ्या व्हिडिओ कंपनीकडे चढवली. थोड्याच दिवसांत आमच्या नांदीवर दुसऱ्याच कुणीतरी हक्क सांगत असल्याची सूचना आली. नांदी आमच्या मंडळींनी म्हटलेली, पेटी आमच्याच बाईंची. पण यंत्राला ती कुठल्याशा ध्वनिमुद्रिकेशी जुळलेली वाटली. आम्ही हरकत घेतली, ठरीव उत्तर आलं. पलीकडे माणूस आहे की नाही, हेच कळेना.

आमची तक्रार तशी किरकोळ. जून २०१८ मध्ये ब्लेंडर या अॅनिमेशनच्या मुक्त सॉफ्टवेअरमागच्या संस्थेचे यूट्यूबवरचे व्हिडिओ जगभर दिसेनासे झाले होते, जाहिरातींच्या करारावरून. नेदरलँड्समधल्या त्या संस्थेने तेव्हाच पीअरट्यूब चाचणीला घेतलं आणि पुढे स्वतःचा व्हिडिओ-सर्व्हर त्यावरच चालवला. ती जुनी बातमी वाचताना हे नाव प्रथम माझ्यासमोर आलं.

पीअरट्यूब सुरू केलं ‘चोकोबोझ’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका फ्रेंच तरुणाने, फावल्या वेळात. २०१७ मध्ये फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने त्याला पगारावर घेतलं. ही संस्था मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्याकडे पगारी माणसं दहाच्या आसपास. २०१८ मध्ये त्यांनी पीअरट्यूबसाठी लोकवर्गणी मागितली २०,००० युरोंची; जमले ५३,००० हून अधिक. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली पक्की आवृत्ती निघाली. वर्गणी देणाऱ्यांतलं कुणी सांगली नकाशावर दाखवू शकेल असं वाटत नाही. आमच्या नांदीचे पैसे मात्र त्यांनी आधीच भरून ठेवले होते.

पीअरट्यूबची रचना मला तांत्रिक अंगानेही आवडली. व्हिडिओ पाहणारे ब्राउझर पाहता पाहता त्याचे तुकडे एकमेकांनाही पुरवतात, पंगतीत वाढप्याची वाट न बघता शेजाऱ्याने भांडं पुढे सरकवावं तसं. गरिबाच्या सर्व्हरवरचा भार त्याने हलका होतो. (यात पाहणाऱ्यांचे आयपी पत्ते एकमेकांना कळू शकतात, म्हणून ही सोय बंदही करता येते. आम्ही ती बंदच ठेवली आहे. नाटकवाल्यांना एकमेकांबद्दल आधीच पुरेसं माहीत असतं.) शिवाय एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो, त्याचे व्हिडिओ आपल्याकडे दाखवता येतात, आणि मालक सगळ्यांचा मिळून एक असा कुणीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने आपल्या शिक्षकांसाठी हेच सॉफ्टवेअर वापरलं. म्हणजे खेळणं नव्हे.

आमचा सर्व्हर भाड्याचा आणि अगदी लहान. चढवलेला व्हिडिओ वेगवेगळ्या आकारांत बदलून ठेवावा लागतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि प्रोसेसरचा जीव त्यातच जातो. तीन अंकी नाटक रात्री लावलं की सकाळी मी बँकेत निघेपर्यंत ते चालूच. किती आकार ठेवायचे, एका वेळी किती कामं चालू द्यायची, हे खटपट करून ठरवलं आणि ते लहान सर्व्हरवाल्यांसाठी लिहून पाठवलं. मग धीर आला. प्रशासकाला दिसणाऱ्या एका यादीत छोटीशी सोय करायची म्हणून कोडला हात घातला आणि पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे ‘माझा हा बदल तुमच्यात घ्या’ असा अर्ज.

तो तपासला प्रकल्पात हौसेने काम करणाऱ्या एकाने. पगारी नाही, मुख्य प्रोग्रामर नाही, त्यालाही टोपणनावच. त्याने प्रत्येक ओळीखाली लिहिलं होतं. हे नाव बाकीच्या कोडमधल्या नावांशी जुळत नाही. इथे मजकूर थेट लिहू नका, दुसऱ्या भाषांत नेता आला पाहिजे. यादी रिकामी असेल तर काय दिसेल? माहितीपत्रकातला बदल आणि कोडमधला बदल वेगळे पाठवाल का? कुठेही घाई नाही, उपकाराचा सूर नाही. बँकेत माझं काम इतक्या बारकाईने कुणी पाहिलेलं नव्हतं. ऑडिटरसुद्धा चहा येईपर्यंतच बघतो. शेवटी प्रश्न आला तो चाचणीचा. प्रत्येक नव्या सोयीसोबत ती चालते की नाही हे आपोआप पाहणारं कोड द्यावं लागतं, आणि ते लिहायची मला सवय नव्हती. तो म्हणाला, चाचणी मी लिहू का? रविवारी त्याने ती लिहून जोडली. माझा बदल सात-आठ ओळींचा होता, त्याची चाचणी त्याहून लांब. नाव मात्र माझं लागलं.

त्या रविवारामुळे माझं एक मत पक्कं झालं आहे. मुक्त सॉफ्टवेअरची स्तुती करणारे कोड ‘दान’ करणाऱ्यांचं कौतुक करतात. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. दुसऱ्याचं कोड शांतपणे वाचणारे फार थोडे, आणि सगळा डोलारा त्यांच्यावर आहे. नवख्याचा प्रस्ताव आला की प्रकल्पाचं काम आधी वाढतं. शिवाय घेतलेली ओळ पुढे त्यांनाच सांभाळायची असते. मी उद्या भरतकाम करू लागले तरी माझी यादी त्यांच्या गळ्यात. पीअरट्यूबचा पूर्ण वेळ पगारी प्रोग्रामर कित्येक वर्षं एकच होता, हे लक्षात घेतलं म्हणजे मला मिळालेल्या वेळाची किंमत कळते.

आणि ते देतात ते तरी नुसतं त्यांचं कुठे असतं? पीअरट्यूबचं ट्रान्सकोडिंग करतं एफएफएमपेग, ज्याची सुरुवात फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये केली. घरी व्हिडिओ तपासायला मी व्हीएलसी हा प्लेअर वापरते. तो निघाला पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून. वसतिगृहाचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं, म्हणून त्यावरून व्हिडिओ पाठवायचं निमित्त त्यांनी शोधलं. तिन्ही खटाटोप फ्रेंच आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा असं मला वाटतं. सार्वजनिक वस्तू सार्वजनिक ठेवण्याबद्दल त्या लोकांत एक हट्ट दिसतो. पीअरट्यूबच्या परवान्यातही तो आहे. सॉफ्टवेअर बदलून त्यावर सेवा चालवायची असेल तर बदललेलं कोड वापरणाऱ्यांसाठी खुलं ठेवावंच लागतं.

२०२३ च्या ५.२ आवृत्तीत ट्रान्सकोडिंगचं काम दुसऱ्या संगणकाकडे सोपवायची सोय आली. आता ते माझ्या घरच्या मशीनवर चालतं आणि भाड्याचा सर्व्हर झोपा काढतो. मी त्यासाठी बोटही हलवलं नव्हतं.

हे सगळं संस्थेच्या बैठकीत सांगितलं तेव्हा आमचे पार्श्वसंगीतवाले काका विचारत होते.

“अगं, पण हे आहे कुणाचं?”

“फ्रान्समधल्या एका संस्थेनं केलंय, काका.”

“आणि पैसे?”

“घेत नाहीत.”

“मग खातात काय ती माणसं?”

प्रश्न अगदी योग्य होता. त्या वर्षीच्या जमाखर्चात नेपथ्य, रंगभूषा आणि चहा यांच्याखाली फ्रामासॉफ्टला पाठवायच्या रकमेसाठी एक ओळ आली. परदेशात देणगी पाठवायला संस्थेला अडचणी येतात, म्हणून सभासदांनी आपापल्या कार्डावरून थोडी थोडी पाठवली. काकांचे पैसे मी भरले आणि त्यांनी ते मला रोख दिले, सुट्ट्या नोटांत.

ज्याने चाचणी लिहिली तो आता तिथे दिसत नाही. कंटाळला असेल, नोकरी बदलली असेल. त्याला परत काही देण्याचा मार्ग राहिलेला नाही, म्हणून मी त्याचं काम करते: दुसऱ्यांचे अर्ज वाचते, त्यांच्या पायऱ्या माझ्या मशीनवर करून पाहते, काय घडलं ते लिहिते.

पीअरट्यूब असो, व्हीएलसी असो की आणखी काही, तुम्हालाही हात लावावासा वाटला तर कोड पाठवायची घाई करू नका. नोंदवून पडलेल्या तक्रारींतली एक उचला. तुमच्याकडे तसंच घडतं का पाहा, आणि आवृत्ती, ब्राउझर, केलेल्या पायऱ्या लिहून कळवा. तेवढ्याने तिकडच्या एखाद्या वाचणाऱ्याचा रविवार वाचू शकतो.