कठवाड्याच्या मोटारी आणि सोलापूरची फियाट

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी अहमदाबादला जाणे झाले. समारंभ दुसऱ्या दिवशी होता आणि व्याही मंडळी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली होती. असा मोकळा दिवस हाती आला की आमच्या घरातील माणसे एक तर दर्शनाला निघतात, नाही तर कापडबाजारात शिरतात. हठीसिंहांचे देरासर मी यापूर्वी दोनदा मनसोक्त पाहिले होते, आणि कापडबाजार हा तर माझा रोजचाच व्यवसाय. माझी ही अडचण ओळखून भाचीच्या होणाऱ्या दिराने विचारले, ‘‘मामा, जुन्या मोटारी पाहायला येता का?’’ त्याला हे कसे सुचले ते मी विचारले नाही. सकाळच्या चहाच्या वेळी मी मोबाइलवर एका लिलावाची यादी चाळत होतो, ती बहुधा त्याने पाहिली असावी.

शहराच्या पूर्वेस, सरदार पटेल रिंग रोडच्या बाजूला कठवाडा नावाचे गाव आहे. तेथील दास्तान इस्टेटीत प्राणलाल भोगीलाल यांचा मोटारींचा संग्रह ‘ऑटो वर्ल्ड’ या नावाने लोकांसाठी खुला आहे. प्राणलालशेठ २०११ मध्ये निवर्तले. व्यापारी-उद्योजक घराण्यातील या गृहस्थाने आयुष्यभर ज्या निष्ठेने गाड्या जमवल्या, तशी निष्ठा आपल्याकडे सहसा हस्तलिखिते किंवा नाणी जमवणाऱ्यांत आढळते. रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर, लागोंडा, पॅकार्ड, कॅडिलॅक, मर्सिडीज अशा शंभराहून अधिक गाड्या तेथे एकापुढे एक उभ्या आहेत. पूर्वीच्या बग्ग्याही आहेत.

आत पाऊल टाकले की प्रथम डोळ्यांत भरते ते पितळ. दिव्यांची, भोंग्यांची, रेडिएटरच्या चौकटींची लखलख. मग लक्षात येते की यांतील दोन गाड्या एकसारख्या सापडणे कठीण. त्या काळी रोल्स रॉइससारखी कंपनी केवळ इंजिन आणि सांगाडा विकत असे. वरचा डौल गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे वेगळे कारागीर घडवीत. त्यामुळे एका गाडीत मालकाच्या डोक्यावर छप्पर आहे आणि बिचारा चालक उन्हात बसलेला. दुसरी शिकारीची, तिच्या कडेला शोधदिवा. एकीच्या मागील खिडक्यांना पडदे, कारण आत राणीवसा बसायचा. गाडी पाहिली की मालकाचा स्वभाव कळतो, असे मला दोन-तीन ठिकाणी तरी वाटले.

या गाड्या राजवाड्यांतून व्यापाऱ्याच्या अंगणात कशा आल्या, हा प्रश्न आपल्यासारख्यांना पडतोच. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले. ज्या गाड्यांसाठी स्वतंत्र चालक, मिस्त्री आणि धुणारा माणूस ठेवलेला असे, त्यांच्या पेट्रोलचाही खर्च पेलवेना. कित्येक गाड्या कवडीमोलाने गेल्या, कित्येक परदेशी रवाना झाल्या. अशा गाड्या देशाबाहेर नेण्यावर सरकारने पुढे बंदी घातली. ज्यांना त्या वेळी पारख होती आणि ठेवायला जागा होती, त्यांच्याकडे त्या राहिल्या. जागा हा शब्द मुद्दाम लिहितो. संग्रहाची चर्चा करताना सगळे पैशाचे बोलतात, जागेचे कोणी बोलत नाही.

एवढे वैभव समोर असूनही माझे मन मात्र राहून राहून एका लहान, फिकट आकाशी रंगाच्या गाडीकडे जात होते.

सोलापूरकरांना फियाटचे कौतुक अंमळ जास्त असते आणि त्याला कारण आहे. मुंबईत कुर्ल्याला ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी तयार होई, त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, आपल्याच समाजातले. १८८२ मध्ये जन्मलेल्या या माणसाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात हिंदी माणसाच्या मालकीने बनाव्यात असा हट्ट धरला आणि १९४४ मध्ये प्रीमियरची स्थापना केली. आधी क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या आणि ट्रक निघाले, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातील गोलमटोल फियाटला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पुढे सलग बाकासारखी बैठक. तिचेच नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसत होती.

आमच्या वडिलांनी, बापूंनी, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १९६८ मध्ये डिलाइट घरी आणली. त्या काळी बाहेर ‘ऑन’ देऊन गाडी लगेच मिळत असे. बापूंनी तो मार्ग घेतला नाही. गाडी प्रथम मंदिराच्या दारात नेली. नंतर पेठेत. पुढच्या सलग बाकावर बापू, आई आणि मधोमध मी. गिअर खांबावर असल्यामुळे मधल्या मुलाच्या गुडघ्यांना त्रास नसे. मागे थोरले दादा, दोघी बहिणी आणि चादरींचा एखादा गठ्ठा. थंडीत पहाटे चोक ओढून ती सुरू करताना येणारा पेट्रोलचा वास मला आजही कुठे आला, तर मी कुंथलगिरीच्या यात्रेला निघालेला असतो.

१९८३ मध्ये धंदा बसला. यंत्रमागांसाठी काढलेले कर्ज, सुताचे भाव, एका भागीदाराचे आतबट्ट्याचे व्यवहार. कारणे तीच असतात, घरे निराळी. बँकेची जप्ती आली आणि बाकीच्या मालाबरोबर गाडीही लिलावात निघाली. लिलाव आमच्याच अंगणात झाला. आई माजघरात गेली आणि तिने दार लावून घेतले. बापू मात्र टोपी घालून, कोट चढवून शेवटपर्यंत उभे राहिले. कोणी आकडा बोलला की ते त्या माणसाकडे पाहत, जणू आपल्याच दुकानात गिऱ्हाईक आले आहे. एक, दोन, तीन. गाडी आमच्या मंदिरातल्याच एका काकांनी घेतली. ते काका पुढे वर्षभर ती आमच्या गल्लीतून नेत नसत. दूरच्या रस्त्याने वळसा घालून जात. तीन वर्षांनी थोरल्या बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा वरातीच्या दिवशी सकाळी गाडी धुऊन, हार घालून, पेट्रोल भरून दारात येऊन उभी राहिली. कोणी मागितली नव्हती.

लिलाव हा शब्द व्यापारी घरात तीन प्रकारे ऐकू येतो. बाजार समितीतला कांद्याचा किंवा डाळिंबाचा लिलाव म्हणजे पोटापाण्याचा. त्याच्याही आधी रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची हत्ता पद्धत होती, ती आजोबांच्या तोंडून ऐकलेली. दुसरी मंदिरातली बोली. पहिल्या कलशाची, आरतीची. तिथे जिंकणारा पैसे देतो, घरी काहीच आणत नाही, आणि हरणारेही मनापासून अनुमोदना करतात. तिसरा लिलाव आमच्या अंगणात झाला तो. त्या वर्षी दशलक्षण पर्वात बापू रोज मंदिरात गेले, पण मागच्या भिंतीपाशी बसले. बोली सुरू झाली की ते डोळे मिटून घेत. पुढे देणे फिटले, पेढी पुन्हा उभी राहिली, तरी त्यांनी पुन्हा कधी बोली बोलली नाही. आमच्याकडून मात्र बोलवून घेत.

अशा घरातल्या माणसाला जुन्या गाड्यांच्या लिलावाची गोडी लागावी, हे मलाही चमत्कारिक वाटते. पण ती आहे. शोरूममध्ये गाडीची किंमत ठरलेली असते. लिलावात ती आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येते. कोणीतरी अनोळखी माणूस आपल्याच वस्तूवर जीव टाकून आहे हे कळते आणि ती वस्तू आपल्याला आणखी हवीशी होते. हिशेबी माणसे इथेच फसतात. बोलीच्या आकड्यावर लिलावगृहाची रक्कम पडते, जिला आपण बाजारात अडत म्हणतो, तिच्यावर जीएसटी. गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर. म्हणजे तळ गंजलेला निघाला तर तक्रार कोणाकडे? इंजिन आणि चासीचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात का, हे बोलीच्या आधी पाहायचे, नंतर नव्हे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. हे सारे मी एका कागदावर मांडले होते. खाली एक आकडा लिहून त्याला दोनदा अधोरेखित केले होते.

त्या दिवशी सायंकाळी सात वाजता एका ऑनलाइन लिलावात एक फियाट डिलाइट निघणार होती. बापूंनी जुन्या वहीत आपल्या गाडीचा चासी क्रमांक लिहून ठेवला होता. मी तो ताडून पाहिला. जुळला नाही. तरीही मी नाव नोंदवले, अनामत भरली.

कठवाड्यात ठरावीक पैसे भरले की एखाद्या जुन्या गाडीतून फेरी मारून आणतात. आम्ही तीही केली. उंच आसन, पायाखाली घुमणारे इंजिन, कडेने मागे सरकणारी झाडे. भाचीचा दीर फोटो काढत होता. तेवढ्यात दादांचा फोन आला. लिलावाचे मी त्यांना आदल्या दिवशीच कळवले होते. त्यांनी किंमत विचारली नाही.

‘‘गाडी कोणाच्या घरातून निघाली आहे, चौकशी केलीस का?’’

मी केली नव्हती. यादीत ‘एका कुटुंबाच्या मालकीची’ एवढेच छापले होते. अशा शब्दांनी लिलावात किंमत वाढते; एकहाती गाडी, नीट जपलेली, असा त्यांचा अर्थ घ्यायचा असतो. मीही तोच घेतला होता.

मला फ्रान्समधल्या रोजे बायों यांची आठवण झाली. मालवाहतुकीच्या धंद्यात कमावलेल्या या गृहस्थाने मोटारींचे संग्रहालय काढायचे ठरवले होते. सत्तरच्या दशकात धंदा कोसळला, काही गाड्या तेव्हाच विकल्या गेल्या आणि उरलेल्या साठेक गाड्या पत्र्याच्या पडव्यांखाली पडून राहिल्या. २०१५ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला, तेव्हा जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेल्या एकट्या फेरारीला १.६३ कोटी युरो आले. जगभर त्या आकड्याची चर्चा झाली. गंजलेल्या, वेलींनी वेढलेल्या गाड्यांची छायाचित्रे मीही चवीने पाहिली होती. त्या पडव्यांमागच्या घरात इतकी वर्षे काय चालले असेल, हे मनात आले नव्हते.

‘‘नाही केली, दादा,’’ मी म्हणालो.

‘‘बघ. तुझी मर्जी.’’

मी लिलावगृहाला फोन केला. विक्रेत्याचे नाव सांगता येत नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. पण जप्तीचा माल नाही, घरच्यांनीच संमतीने काढली आहे, एवढे खात्रीने म्हणाले. मालक वृद्ध झाले, मुले परदेशी आहेत. मला हायसे वाटले, आणि लगेच त्या हायसे वाटण्याचा थोडा रागही आला.

सात वाजता व्याह्यांच्या घरी अंगणात मांडव घालण्याची गडबड चालली होती. मी जिन्याच्या पायरीवर बसून बोली लावली. पहिल्या काही मिनिटांत चौघे होते, मग दोघेच राहिलो. माझ्या अधोरेखित आकड्यापाशी आलो तेव्हा समोरच्याने दहा हजार वाढवले. बोट पुढच्या आकड्यावर ठेवले. व्याही जवळच उभे राहून कुतूहलाने पाहत होते. मी बोट काढले. क्षणभर पडद्यावर काही हलले नाही, मग ‘विक्री पूर्ण’ अशी अक्षरे उमटली.

रात्री जेवणे झाल्यावर दादांना फोन केला. गाडी गेल्याचे सांगितले.

‘‘कितीने गेली?’’

‘‘दहा हजारांनी.’’

‘‘दहाच?’’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, ‘‘रंग कोणता होता?’’

‘‘पांढरा.’’

‘‘मग असू दे,’’ दादा म्हणाले, आणि साखरपुड्याला अंगठी कोण घेऊन येणार आहे, ते विचारू लागले.