एसीला रामराम कधी?

वाणगावात एसी म्हणजे चैन, असं वाटणाऱ्यांनी तारापूर एमआयडीसीत नाइट शिफ्ट करून मे महिन्यात दुपारी झोपून दाखवावं! आमच्या बाबांची झोप एसीवरच चालते. म्हणून ‘दुरुस्ती की नवा?’ हा आमच्याकडे एकदम सीरियस प्रश्न.

माझा हिशेब सोपा आहे. थंडावा कमी झाला, की आधी फिल्टर धुवा. कपॅसिटर गेला असेल तर तेवढाच बदला. पण दर उन्हाळ्यात मेकॅनिक ‘गॅस संपलाय’ म्हणू लागला, की कान टवकारा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. त्यात आपल्या किनारपट्टीची खारी हवा. कॉइलला गंज ठरलेलाच.

कॉइल सडलेली, वय दहाच्या पुढे आणि आत ओझोनला घातक असा जुना आर-२२ गॅस, हे त्रिकूट जमलं की बॉस, निरोप द्या! नवा घेताना स्टार मोजाच, पण लेबलवरचं वर्षही वाचा. निकष अधूनमधून कडक होतात.

दुरुस्तीचा खर्च पावतीवर दिसतो. अर्धवट झोपेनंतर बाबांनी मशीनवर काढलेली रात्र मात्र कुठल्याच पावतीवर नसते.