रिकामा रहाट कुरकुरत नाही

आमच्या बागेत बैलाचा रहाट होता. आडव्या लाकडी चक्राचे दात उभ्या चक्राच्या दातांत अडकत, बैल गोल फिरे आणि लोट्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर येई. मोडायचा तो कायम दात. सुतार आला की वडील त्याला सांगत, "दात मागसून बसव. आदी लोटे भरलेले असताना रहाट फिरव आणि आस खंय सरकता ता बघ." रिकामा रहाट कधी कुरकुरत नाही. तो नीट फिरला म्हणून नीट आहे असे नव्हे. पुढे पंप आले आणि रहाटाची लाकडे चुलीत गेली, पण वडिलांचे ते बोलणे मला साठी उलटल्यावर उपयोगी पडले, तेही गो-कार्टपाशी!

गो-कार्ट म्हणजे पाईपांचा सांगाडा, चार लहान चाके, मागे इंजिन आणि जमिनीला टेकेल अशी बैठक. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली बनवली, ती गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. आपल्याकडेही असे हात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, दुचाकीच्या इंजिनावर चारचाकी उभी केली. २०२१ च्या डिसेंबरात ती बातमी देशभर गेली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. आमच्या वाडीत ती बातमी मोबाईलवर फिरली आणि माझ्या पुतण्याच्या मुलाच्या डोक्यात जाऊन बसली.

डिप्लोमाला गेल्यावर त्याने आमच्या मांगरात गाडी बांधायला घेतली. इंजिन जुन्या १०० सीसी मोटारसायकलचे. इंजिनाकडचे चेनसॉकेट १४ दातांचे, मागच्या एक्सलवरचे ४२ चे. पुढचे तीनदा फिरले की मागचे एकदा फिरणार. वेग कमी, ओढ जास्त. हिशोब बरोबर होता. तरी गाडी चार दिवस धड चालेना. चेन उतरायची. नवी घातली, तीही उतरली. मग एके दिवशी कापलेल्या कुणग्यात वळण घेताना इंजिन भणाणले आणि गाडी जागच्या जागी. एक्सलवरच्या चेनसॉकेटची चावी तुटली होती.

घरात आधीच दोन विषय राहिल्याची बोलणी चालू होती. बापाने मुंबईहून सांगितले, आता एक पैसा नाही, ते भंगार वीक. पोरगा मला म्हणाला, "आजोबा, एकदा वेल्डिंग मारून बघतंय. नायतर माका ह्या जमाचा नाय, मी मुंबयक जातंय." गाडीचे मला फारसे काही नव्हते. पण आमच्या वाडीतल्या अर्ध्या घरांना कुलपे आहेत, आणि त्यातली बरीच अशाच एखाद्या वाक्याने लागलेली आहेत.

मी म्हटले, "वेल्डिंग नको. चावी मोडली म्हणान तुझो गिअरबॉक्स वाचलो." चावी हा थोडक्या पैशांचा लोखंडी तुकडा. चेनसॉकेट एक्सलला जखडले तर पुढचा झटका आत जातो, आणि तिथे जे मोडेल ते मालवणच्या बाजारात मिळणार नाही. पावर टिलरचा पट्टा ओझ्याखाली घसरतो तोही याच कारणाने बरा.

मग शोधाला लागलो. पहिला नियम, प्लगची वायर काढून ठेवायची. माझ्या चुलतभावाची दोन बोटे भातगिरणीच्या पट्ट्यात गेली, तेव्हापासून चालत्या यंत्राला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. गाडीचे मागचे अंग दोन चिऱ्यांवर उचलले. एक्सलवर आणि चेनसॉकेटवर मिळून एकच रंगाची रेघ ओढली, म्हणजे चावी पुन्हा सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. दोन्ही चेनसॉकेटना दोरी लावली. सरळ. चेन मधोमध दाबली तर दीड सेंटिमीटर. सगळे ठीक.

"बगितलास? काय चुकीचा नाय," पोरगा म्हणाला.

"गाडी रिकामी आसा," मी म्हटले.

चिरे काढले, गाडी जमिनीवर घेतली आणि बैठकीवर पन्नास किलोचे तांदळाचे पोते ठेवले. पुन्हा दोरी लावली. आता दोरी आणि दातांमध्ये काडेपेटीची काडी जाईल एवढी फट होती, आणि चेन तीन सेंटिमीटर ढिली. माणूस बसला की सांगाडा मध्ये वाकत होता, इंजिन एक्सलकडे झुकत होते. त्यात कार्टला डिफरन्शिअल नसतो, मागची दोन्ही चाके एकाच एक्सलला घट्ट. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वाट कापायची असते, आतल्याला कमी, म्हणून एक फरपटतेच. तो सगळा ओढा तिरक्या, ढिल्या चेनवर आणि तिथून चावीवर. चेन बिचारी सांगत होती, पण आम्ही तिलाच बदलत होतो.

इंजिनाच्या पाट्यापासून एक्सलच्या बेरिंगपर्यंत एक तिरका पाईप जोडून घेतला. वेल्डिंग लागले ते इथे. मग पोते तसेच ठेवून इंजिन सरकवले, दोरी लावली, चेन ताणली. चावी होती तशाच साध्या लोखंडाची घातली. चेनवर पत्र्याचे झाकण बसवले, कारण सुटलेली चेन चालवणाऱ्याच्या पाठीकडे येते.

गाडी दुपारभर कुणग्यात फिरली. वाडीतली सगळी पोरे बसून झाली. रेघ तुटली नाही.

रात्री पुतण्याचा फोन आला. "पुना मोडला मा?" मी म्हटले, "तुझो झील रिकामो फिरतासा वाटता तुका. त्याच्यार काय वजन आसा ता एकदा येऊन बघ." तो पुढच्या आठवड्यात आला. बापलेक मांगरात बराच वेळ होते. काय बोलले ते मी विचारले नाही.

दोनपैकी गणित सुटले. दुसरा विषय अजून राहिला आहे, पण पोरगा कॉलेजात जातो. पावसापूर्वी चेन काढून तेलाच्या डब्यात बुडवून ठेव, एवढे मी त्याला सांगितले आहे. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात उघडी चेन दिवाळीपर्यंत टिकत नाही.