दुर्गम कोणासाठी?

नागपूरकराला जंगल परके नाही. पेंच, नागझिरा, ताडोबा ही नावे आपल्या मुलाबाळांच्या तोंडी असतात आणि एखादी तरी सहल तिकडे झालेली असते. परंतु मोटारीत बसून पाहिलेले जंगल आणि पायांनी तुडविलेले जंगल यांत फार अंतर आहे. ते अंतर आम्हांला 1998 च्या डिसेंबर महिन्यात उमगले. त्या हिवाळ्यात लाहेरीहून बिनागुंड्यास आम्ही पायी गेलो. त्या वाटचालीविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर असून दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली अशी मजल मारीत प्रवासी भामरागडला पोहोचतो. तेथे इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. त्याच्याही पुढे लाहेरी. लाहेरीनंतर त्या काळी रस्ता संपत असे आणि पायवाट सुरू होत असे. बिनागुंडा हे माडिया लोकांचे गाव या वाटेच्या टोकाला, आजच्या छत्तीसगडमधील अबुझमाडच्या पहाडांना लागून, उंचावर वसलेले आहे.

आमच्यासोबत एक डॉक्टर स्नेही आणि एक शिक्षक होते. वाट दाखविण्यास लाहेरीचा एक माडिया तरुण आला होता. खांद्यावर कुऱ्हाड, पाय अनवाणी. आमच्या पाठीवर औषधांची पेटी, घोंगड्या आणि शिधा होता. पहिल्या नाल्यापाशी आम्ही बूट काढले, पलीकडे जाऊन पुन्हा चढविले. तिसऱ्या नाल्यापर्यंत हा सोपस्कार निष्ठेने पाळला. पुढे मात्र बूट ओलेच पायांत राहिले आणि टाचांना फोड आले. बांबूच्या बेटांतून वाट काढताना अंगावर ओरखडे उठले. गुळगुळीत दगडांवरून शिक्षकमहाशय दोनदा पाण्यात बसले. चढ लागल्यावर बोलणेही थांबले. “अजून किती दूर?” असे विचारले, की वाटाड्या आकाशात बोट दाखवी. सूर्य तेथवर आला, की गाव येईल, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या मापात किलोमीटर नव्हतेच.

दुपारी एका मोहाच्या झाडाखाली आम्ही टेकलो असता वरून चार माणसे येताना दिसली. त्यांच्या खांद्यांवरील दांड्याला एक खाट टांगलेली होती. खाटेवर तापाने फणफणलेली एक तरुण स्त्री निपचित पडली होती. मागून एक म्हातारी तिचे तान्हे मूल कडेवर घेऊन चालत होती. कोंबडा आरवण्यापूर्वी ती मंडळी निघाली होती. डॉक्टरांनी तिला तपासले. मलेरियाचा दाट संशय होता. त्यांनी गोळ्या दिल्या. पण हेमलकशाच्या दवाखान्यात नेणे अत्यावश्यक आहे, असेही बजावले. माणसांनी तुंब्यातले पाणी प्यायले आणि पुन्हा दांडा उचलला. निघताना एकाने आमच्या वाटाड्याला काही विचारले. त्यावर सारेच किंचित हसले. वाटाड्याने सांगितले, “हे लोक वर कशाला चालले आहेत, असे तो विचारतो. मी म्हटले, गाव पाहायला.”

त्या हसण्यात उपहास नव्हता, नवल होते. ज्या वाटेने ते मिठामिरचीसाठी, कापडासाठी, आजाऱ्यासाठी खाली उतरतात, त्याच वाटेने कोणी नुसते पाहण्यासाठी चढून यावे, हे त्यांना अपूर्व वाटले. आपण अशा गावांना ‘दुर्गम’ म्हणतो. हा शब्द शहराच्या बाजूने घडलेला आहे. जाण्यास कठीण ते दुर्गम. पण येण्यास कठीण असलेल्या शहराला आपण काय म्हणतो? वाट दोन्ही टोकांकडून सारख्याच लांबीची असते. आम्ही ती आयुष्यात एकदा चाललो, तर तिचे वर्णन लिहितो. ते वर्षातून अनेकदा चालतात आणि त्याला कोणी प्रवासही म्हणत नाही.

हे ज्यांना फार आधी कळले, अशी काही माणसे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून गेली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला आयुष्य वाहिले. बाबा आमटे यांनी तो 1973 मध्ये सुरू केला होता. झाडाखाली रुग्ण तपासता तपासता या दांपत्याने माडिया भाषा आत्मसात केली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था स्थापिली आणि खेड्यातील स्त्रियांनाच नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. मेळघाटातील बैरागडला गेलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांनी विवाहासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत चाळीस किलोमीटर पायी चालण्याची तयारी ही एक होती. डॉ. स्मिता यांनी ती मान्य केली. उभयतांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. या सर्वांनी रुग्णाची वाट कमी केली, हे त्यांचे मोठे काम होय.

ती स्त्री हेमलकशाला वेळेत पोहोचली. काही दिवसांनी मूल पाठीशी बांधून ती त्याच वाटेने डोंगर चढून घरी गेली, असे आम्हांला मागाहून कळले.

अलीकडे त्या भागात रस्ते, पूल आणि मोबाईलचे मनोरे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि सगळ्या वाचकांनी बिनागुंड्यास जावे, असे आमचे म्हणणे नाही. नागपूरच्या ‘मेडिकल’च्या व्हरांड्यात गडचिरोलीहून आलेली माणसे गाठोडे उशाशी घेऊन बसलेली असतात. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यावा, हे त्यांना उमगत नाही. कित्येकांना आपली भाषाही नीट येत नाही. रुग्णाला भेटावयास गेलात, तर परतताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे, गाव विचारावे, खिडकीपर्यंत सोबत करावी. एवढ्या लांबून ती चालत आलेली असतात. खिडकीपर्यंतची वाट तरी त्यांना एकट्याने शोधावी लागू नये.