आमचे आजोबा नगरकर कसे झाले

मनुष्याचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न आपल्याकडे विवाह जुळविताना तर निघतोच, पण आगगाडीत दोन अपरिचित गृहस्थ समोरासमोर बसले तरीही निघतो. आमच्या आजोबांना तो कोणी विचारला, की ते हसून म्हणत, "मूळ राजापूर तालुक्यात, पालवी मात्र सगळी नगरची!" 1896 साली कोकणात जन्मलेले आणि पंचविशीपर्यंत भातावर पोसलेले हे गृहस्थ 1921 साली अहमदनगर जिल्ह्यात आले. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. तेथे चौपन्न वर्षे राहून 1975 साली तेथेच ते निवर्तले. आनंदी माणूस म्हणून आमच्या कुळात त्यांची ख्याती आहे. त्या आनंदाची घडण कशी होती, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

कोकण सोडण्याचे कारण साधेच होते. भाऊ पाच, जमीन थोडी आणि तीही कुळांकडे. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेल्या तरुणास मुंबई किंवा सरकारी नोकरी असे दोनच मार्ग दिसत. पाटबंधारे खात्यात कारकुनाची जागा मिळाल्यावर आजोबा बोटीने मुंबईस आले. तेथून मनमाड, आणि मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने ते बेलापूर रोड स्टेशनावर उतरले. त्या स्टेशनाभोवती पुढे जे शहर वाढले तेच आजचे श्रीरामपूर होय. समवेत आमची आजी होती. तिचे वय तेव्हा सतरा वर्षांचे असून तिने त्यापूर्वी घाट चढलेला नव्हता.

त्या वेळी अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण बांधले जात होते. 1910 साली आरंभलेले ते काम 1926 साली पुरे झाले, आणि तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. ज्या जिल्ह्याने 1876-77 व 1899-1900 चे भयंकर दुष्काळ सोसले होते, त्याच्या उत्तर भागात आता पाटाचे पाणी खेळू लागले. पाण्यामागे माणसे आली. सासवडकडील माळी मंडळींनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला व गुऱ्हाळे घातली. हरेगावास साखरेचा कारखाना निघाला. मारवाडी व्यापाऱ्यांची दुकाने वाढली. जिरायती भागातून मजूर येऊ लागले. पाण्याचे अर्ज, पाळ्यांची पत्रके आणि पाणीपट्टीची खाती लिहिणारे आजोबा रोज या सर्वांच्या संबंधात येत. ते म्हणत, "येथे सगळेच पाहुणे, मग यजमान कोणी व्हायचे? आपणच व्हावे!"

आणि ते खरोखर यजमान झाले. नगरच्या उन्हाची, धुळीची किंवा बोलीची त्यांनी कधी निंदा केली नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी पडवीला ओसरी आणि आगराला मळा म्हणण्यास प्रारंभ केला. भाताची सवय असलेल्या आजीला बाजरीची भाकरी साधेना, तेव्हा शेजारच्या माळणीच्या ओसरीवर बसून आजोबा स्वतः भाकरी थापण्यास शिकले. ब्राह्मण कारकून पिठाने माखलेल्या हातांनी बसला आहे हे पाहून सारी आळी हसली, आणि आजोबा त्यांच्याहून मोठ्याने हसले. पहाटे भूपाळ्या म्हणत पाटाच्या कडेने फिरावयास जाण्याचा त्यांचा नेम होता. शेतकरी त्या आवाजावरून वेळ ओळखीत, असे आमचे वडील सांगत. नेवाशाचे त्यांना विशेष प्रेम होते. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका तेथे पूर्ण केली. "माउली तरी कोठे नेवाशाची होती? बाहेरून आलेल्या मनुष्याच्या हातून त्या गावाचे नाव अजरामर झाले," असे ते अभिमानाने सांगत.

आम्ही संस्कृत शिकू लागलो तेव्हा त्यांनी आम्हांस एक गंमत दाखविली. मराठीत प्रवास म्हणजे जाणेयेणे. परंतु संस्कृतात त्याचा अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. धातू 'वस्' म्हणजे राहणे. त्याच धातूला 'नि' हा उपसर्ग लावला की निवास होतो. "धातू तोच, उपसर्ग तेवढा बदलावा लागतो," असे म्हणून ते आमच्या पाठीवर थाप मारीत.

परंतु उपसर्ग बदलण्याचे कष्ट सर्वांना सारखे पडत नाहीत. कोकणातून येऊन नगरकर झालेल्या मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव सर्वांस ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 साली ते जन्मले आणि त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे नगरास गेली. त्यांचा उदार आणि बेहिशेबी स्वभाव आज आपणांस दिसतो तो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून. 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात अशा पुरुषाचा संसार चालविणाऱ्या स्त्रीची बाजूही आली आहे. आमच्या आजीने तो ग्रंथ दोनदा वाचला होता. धर्मांतराची गोष्ट म्हणून घरातील काहींनी नाके मुरडली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "धर्म त्यांचा निराळा असेल, पण स्वयंपाकघर माझेच आहे."

तिच्या या वाक्यात पुष्कळ काही होते. आजोबांनी वाटेत भेटलेल्या कोणासही जेवावयास आणावे आणि आजीने डब्यातील पिठाचा अंदाज घ्यावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आजोबांना नवे गाव मिळाले, कचेरी मिळाली, मित्र मिळाले. आजीला मिळाली ती चूल. तिची समुद्राची गाज, तिची आई, तिची भाषा मागे राहिली. माहेरी ती चौपन्न वर्षांत सहा वेळा गेली.

1957 च्या 1 एप्रिलला कूळकायद्याचा 'कृषकदिन' आला आणि पुढे कोकणातील वडिलार्जित जमीन कसणाऱ्या कुळांच्या नावे झाली. थोरल्या भावाचे पत्र आले तेव्हा आजोबा सहज म्हणाले, "ज्याने कसली त्याची झाली. आपणही दुसऱ्याच्याच मुलखात पोट भरतो." न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच बोलले. परंतु आजी माजघरात जाऊन बसली आणि दिवसभर उठली नाही. जमिनीचे उत्पन्न तिला कधी दिसलेच नव्हते. परतण्याची वाट मात्र त्या दिवशी बंद झाली, असे तिला वाटले. आमचे वडील सांगत, की दुसऱ्या दिवशी पहाटे आळीला भूपाळी ऐकू आली नाही. आजोबा चुलीपुढे भाकऱ्या थापीत होते, आणि आजी बाजूस बसून त्यांना प्रथमच कोकणातील आपल्या घराविषयी हवे तेवढे बोलत होती. तीन दिवस त्यांनी फिरावयास जाणे बंद ठेवले होते.

1972 च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो, म्हणून पुढचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाथर्डी-जामखेडकडून कामासाठी माणसे येत. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी मिळे. तिला लोक मिलो म्हणत. तिची भाकरी खाताना आम्ही तोंडे वाकडी केली, की आजोबा म्हणत, "तीही बिचारी समुद्र ओलांडून आली आहे, तिला परकी म्हणू नका!" सारे हसत, आजीही हसे. मात्र दारी आलेल्या माणसास जेवू घालण्यापूर्वी ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभे राहून आजीला हळूच विचारीत, "पीठ आहे ना?" ती मान हालवी, मगच पान मांडले जाई. हा प्रश्न ते 1957 नंतर विचारू लागले, असे आजीनेच आम्हांस एकदा सांगितले.

आज आपल्या घरांतील मुले पुण्यास, बंगलोरास, अमेरिकेस जातात. तेथून त्यांचा दूरध्वनी येतो, आणि करमत नाही असे ती सांगतात. त्यांना आजोबांची पहिली रीत आम्ही अवश्य सांगतो: तेथील धान्य खावे, तेथील शब्द उचलावे, निंदा करू नये. परंतु सुना आणि जावई यांच्यासह बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येकास दुसरीही रीत सांगावयास हवी. आपण नव्या गावात रमलो, म्हणजे घरातील सर्वच रमले असे धरून चालू नये. आजोबांना ते उमगण्यास छत्तीस वर्षे लागली. पण उमगल्यानंतरची अठरा वर्षे ते अधिकच आनंदी होते, आणि त्या अठरा वर्षांत आजीही बेलापूर रोडला 'आमचे गाव' म्हणू लागली होती.